पोलिसात तुमचं कोण होतं?

दरवर्षी पोलीस स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाला का जाते आणि आम्ही आलो तर चालेल का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दर 21 ऑक्टोबरला सकाळी मी पोलीस कवायत मैदानाकडे निघाले की सोसायटीत कोणीतरी हटकतंच, "बाई, पोलिसात तुमचं कोण होतं?" कोणी नाही. माहेरचे सगळे द्राक्षबागेतले, सासरचे सगळे नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातले. खाकी आमच्या घरात कधी आलीच नाही. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे 26/11 साठी जाता होय?" तेही नाही. तो नोव्हेंबर, हा ऑक्टोबर. पोलीस स्मृतिदिन त्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

1959 साली तिबेटच्या हद्दीवर आपलं सैन्य नव्हतं, पोलीस होते. लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज नावाच्या ठिकाणी त्यांचा तळ होता. 20 ऑक्टोबरला तिथून टेहळणीला गेलेल्या तीन तुकड्यांपैकी दोन परतल्या, तिसरी परतलीच नाही. दोन शिपाई आणि एक हमाल, एवढीच माणसं होती त्या तुकडीत. दुसऱ्या दिवशी करम सिंग नावाचे अधिकारी वीसेक जणांना घेऊन त्यांना शोधायला निघाले. टेकडीवर दबा धरून बसलेल्या चिनी सैनिकांनी वरून गोळीबार केला. दहा जण गेले, काही जखमी होऊन त्यांच्या हाती सापडले. मृतदेह परत मिळायला 13 नोव्हेंबर उजाडला, म्हणजे तीन आठवड्यांहून जास्त. अंत्यसंस्कार तिथेच, त्या उंचीवर झाले. पुढच्या वर्षी पोलीस प्रमुखांच्या परिषदेत ठरलं की 21 ऑक्टोबर देशभर पाळायचा. मला यातलं सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? ती माणसं लढायला गेलीच नव्हती. आपल्या तिघांना शोधायला गेली होती.

मी पहिल्यांदा गेले ती एनसीसीच्या पोरांना घेऊन. शाळेतून कोणीतरी जायचं होतं आणि ड्यूटी माझ्यावर पडली, बस्स. कंटाळवाणा सरकारी कार्यक्रम असणार असं गृहीत धरून पर्समध्ये तपासायच्या वह्याही घेतल्या होत्या. त्या वह्या पर्समधून बाहेर आल्या नाहीत.

कार्यक्रमात भाषण थोडं. मुख्य काम नावं वाचण्याचं. मागच्या सप्टेंबरपासून या ऑगस्टअखेरपर्यंत कर्तव्यावर असताना गेलेल्या देशभरातल्या प्रत्येक पोलिसाचं नाव, हुद्द्यासकट. नुसत्या आपल्या जिल्ह्याचं नाही, राज्याचंही नाही. 2024 च्या यादीत 216 नावं होती. अधिकारी आळीपाळीने पुढे येतात, कागद हातात धरून राज्यवार वाचत जातात. उत्तर प्रदेश, छत्तीसगड, मणिपूर, तमिळनाडू, मग सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ. मी पस्तीस वर्षांच्या नोकरीत रोज सकाळी हजेरी घेतली, त्यामुळे माझा कान तिथेच अडकतो. नागा किंवा तमिळ नाव आलं की मराठी जीभ जरा थबकते. एकदा एका अधिकाऱ्याने एका लांबलचक नावाशी थांबून, ते पुन्हा पहिल्यापासून नीट वाचलं. सभेत कोणाच्या ते लक्षातही आलं नसेल. मला त्या माणसाला शाबासकी द्यावीशी वाटली.

आणि त्या यादीत कोण असतं? टीव्हीवर दिसतात तेवढेच नसतात. तुकाराम ओंबळ्यांचं धाडस सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि असायलाच हवं. गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. पण गडचिरोलीतलं लाहेरी किती जणांना आठवतं? 8 ऑक्टोबर 2009, एका दिवसात सतरा पोलीस. जांभूळखेडा? 2019 चा 1 मे, आपण इथे महाराष्ट्र दिनाची सुट्टी घेऊन बसलो होतो आणि तिकडे सुरुंगाच्या स्फोटात पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. (तो चालक पोलीस नव्हता. अशा माणसाचं नाव कुठल्या यादीत घ्यायचं, हा प्रश्न मला छळतो.) शिवाय नाकाबंदीला उभं असताना गाडीने उडवलेला हवालदार असतो, कुठे पुरात लोकांना काढताना स्वतःच गेलेला शिपाई असतो. यादीत सगळे एका रांगेत. हुद्दा, नाव, पुढचं नाव. कोणाचं शौर्य मोठं, कोणाचं लहान, ही भानगडच नाही. मला ते फार योग्य वाटतं.

नाशिकला हे जास्त भिडायला हवं, असं माझं मत आहे. त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीत राज्याचे फौजदार घडतात. दीक्षांत संचलनाच्या दिवशी गावोगावचे आईबाप येतात, कोणी नऊवारीत, कोणी फेट्यात. खांद्यावरच्या नव्याकोऱ्या स्टारवरून आई हात फिरवते, तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात असतो. आपण कौतुकाने बघतो. स्मृतिदिनाला मात्र पोलीस, त्यांचे घरचे आणि पकडून आणलेली शाळेची पोरं. बाहेरचे आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

2025 ला तर 21 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन आलं. घरात चकलीचा घाणा अर्धवट टाकून गेले, सुनेने तोंडाने काही म्हटलं नाही, पण कळलं. शोक शस्त्रचा हुकूम झाला, बंदुकांची तोंडं जमिनीकडे वळली, बिगुल वाजला. मग हवेत तीन फैरी. त्याच वेळी मैदानाच्या भिंतीपलीकडे कोणीतरी लवंगी माळ लावलेली. माझ्या शेजारचा पोरगा खुदकन हसला आणि लगेच ओशाळला. मी त्याला रागावले नाही. फटाके फोडणाऱ्यांनाही काय बोलणार, सण होता. त्या दिवशीही हद्दीतल्या बहुतेक पोलिसांना सुट्टी नव्हती, एवढंच डोक्यात आलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आम्ही आलो तर चालेल का. मला आजवर कोणी अडवलेलं नाही, पण आदल्या दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात वेळ विचारून घ्या. सकाळी लवकर असतं. मोठी बॅग आणू नका, तपासणीत वेळ जातो. मागच्या खुर्च्यांवर बसा, पुढच्या रांगा घरच्यांसाठी असतात. परेडचं शूटिंग हवं तर करा, नावं वाचत असताना मात्र मोबाइल खाली ठेवा. पुढे बसलेली एखादी बाई नवऱ्याच्या नावाची वाट बघत असते, तिचा चेहरा कोणाच्या स्टेटसला जायला नको.