ठेच्याची आग
आज खलबत्त्यात लवंगी मिरचीचा ठेचा केला. तासाभरानं बोटं अशी पेटली की नळाखालून हात काढवेना. गंमत म्हणजे कातडी थंडगार! मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूंच्या टोकांवरच्या टीआरपीव्ही-१ या प्रथिनाला चिकटतं. ते एरवी साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे जागं होतं. मिरची त्याला गारच असताना उठवते आणि मेंदूला ‘भाजलं’ असा निरोप जातो. मेंदू बिचारा शहानिशा करत नाही. हे प्रथिन १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं शोधलं. २०२१चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळालं. कॅप्सेसिन पाण्यापेक्षा तेलात छान विरघळतं, म्हणून आधी खोबरेल चोळायचं, मग साबण. आई हे नोबेलच्या कितीतरी आधीपासून सांगतेय. सध्या ती फार खूश आहे.