सात महिन्यांच्या नोकरीवरचा पोरगा आणि पुढचा विचार

आमच्या चाकणच्या कारखान्यांत कुठल्याही मीटिंगला बसा, एक वाक्य ऐकू येतंच, टेम्पररी पोरांना कामाची कळकळ नाही. मला हे अजिबात पटत नाही.

झिम्बार्डो आणि बॉइड या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये ५६ विधानांची एक प्रश्नावली मांडली, माणूस काळाकडे कसा बघतो ते मोजायला. कुणी जुन्या कडू आठवणींत अडकलेला, कुणी गोड आठवणींत, कुणी आजची मजा बघणारा, कुणी नशिबात असेल ते होईल म्हणणारा, कुणी पुढचं ठरवून चालणारा. पुढचं बघणारे विद्यार्थी जास्त अभ्यास करतात, त्यांना मार्कही बरे पडतात असं त्यात दिसलं. पण विद्यार्थ्याला माहीत असतं ना, की परीक्षा होणार आणि निकाल आपल्याच नावावर लागणार!

आमच्या लाइनवर पोरगा आयटीआय करून बीड-लातूरकडून येतो, त्याला सात महिन्यांवर घेतात आणि मग ब्रेक. सातच का, तर बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कायद्याने सलग वर्षाची नोकरी धरतात, मग काढताना नोटीस, भरपाई सगळं आलं, म्हणून त्याआधीच गेट पास जमा. आता मशीनचा आवाज बदलला तर मेंटेनन्सला सांगायचं, कायझेन (कामातल्या छोट्या सुधारणेची सूचना) भरायचं, शेजारच्या स्टेशनचं काम शिकायचं, या सगळ्याचं फळ दिसायला वेळ लागतो आणि तोवर आपण इथे नसणार हे त्याला जॉइन होतानाच ठाऊक असतं. तो आजचं टार्गेट काढतो, चोख काढतो, ओव्हरटाइमला नाही म्हणत नाही, कारण हातात पडेल तो पैसा खरा. हिशोब बरोबरच आहे त्याचा.

आणि हेच पोरगं बहिणीच्या लग्नासाठी भिशी भरत असतं, नाइट करून पोलीस भरतीसाठी पळायला जातं. म्हणजे पुढचा विचार भरपूर आहे, त्यात आपली कंपनी तेवढी नाही.

निदान ब्रेकच्या महिनाभर आधी सांगा की परत घेणार का नाही, घेतलंत तर त्याच लाइनवर घ्या, त्याचं कायझेन त्याच्याच नावावर ठेवा. शेवटच्या आठवड्यांत रिजेक्शन, म्हणजे खराब निघालेला माल, वाढलं म्हणून ट्रेनिंग लावतात, पण तोवर तो दुसऱ्या गेटवर बायोडेटा देऊन आलेला असतो.