घाटात आवळलेला ब्रेक

तीन दिवस, दोन मोटरसायकली आणि एक न संपणारा घाट. सोबत्याच्या गाडीला पुढे-मागे ड्रम ब्रेक (चाकातल्या डब्याला आतून घासून थांबवणारा), माझ्या गाडीला पुढे डिस्क (चाकाच्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटणारा), मागे ड्रम. निघताना चेनला तेल दिलं, टायरची हवा पाहिली, सामान बांधलं. ब्रेक दाबून पाहिले, लागले, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निम्मा उतार झाला आणि सोबती हात दाखवून कडेला थांबला. मागचं पॅडल पार खाली जात होतं, जळका वास येत होता. ड्रम तापला की फुगतो, आतून घासणाऱ्या अस्तरापासून, म्हणजे लायनरपासून लांब जातो, आणि तेवढं अंतर भरायला पॅडल जास्त दाबावं लागतं. शिवाय तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. थांबून गार होऊ देणं एवढंच करायचं होतं. आम्ही पाना काढला आणि पॅडलपासून ब्रेकपर्यंत जाणाऱ्या रॉडचा नट चांगला तीन फेरे आवळला. पॅडल वर आलं, दोघेही खूश.

सकाळी गाडी ढकलली तर जागची हलेना. ड्रम रात्रीत गार होऊन आकसला आणि लायनर धरून बसले. तसंच रेटून नेलं असतं तर ब्रेक न दाबताच ड्रम पुन्हा तापला असता.

तेव्हा ड्रम ब्रेक ॲडजस्ट करायचा तो गारच असताना. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. चाक हाताने फिरवत नट अर्धा-अर्धा फेरा आवळा, दर वेळी नटाची खाच पिनवर नीट बसू द्या. लायनर घासल्याचा आवाज आला की थोडं मागे या. बऱ्याच गाड्यांत पॅडलला 20 ते 30 मिमी मोकळी चाल ठेवतात. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. चेन ताणायची असेल तर ती आधी, कारण चाक मागे सरकलं की रॉड ओढला जाऊन ब्रेक आपोआप आवळतो. शेवटी ब्रेक लाइट वेळेवर लागतोय ना, तेही पाहा. ब्रेकच्या आर्मवर बाण असेल, तर ब्रेक पूर्ण दाबून तो प्लेटवरच्या खुणेला टेकतोय का बघा. टेकला म्हणजे लायनर संपले, मग नट कितीही आवळा.

सोबत्याला हसून झालं आणि उरलेल्या उतारात पाळी माझी आली. पुढचा लिव्हर स्पंजासारखा मऊ होत होत हँडलला टेकला. खालचा गिअर आणि मागचा ब्रेक यांच्या जिवावर कसाबसा थांबलो. तासाभराने लिव्हर पुन्हा कडक, जणू काही झालंच नव्हतं! हीच फसवणूक आहे. डिस्क ब्रेकमध्ये लिव्हरचा जोर ब्रेक ऑइल पोचवतं, आणि ते हवेतली ओल शोषतं. डॉट 4 ग्रेडचं ऑइल नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही हमी 155 पर्यंत खाली येते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर दाबला की तेच दबतात, डिस्कला चिमटणाऱ्या पॅडपर्यंत जोर पोचत नाही. घरी येऊन ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं तर ऑइल गडद तपकिरी. शेवटचं कधी बदललं होतं, आठवेना.

साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला, तेही सीलबंद बाटलीतलं. झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते डॉट 3 किंवा 4 मध्ये मिसळायचं नाही. पातळी खाली गेली म्हणून नुसतं भरू नका, आधी पॅड बघा. पॅड झिजले की त्यांना दाबणारे पिस्टन बाहेर येतात आणि पातळी उतरते. वर ऑइल भरून ठेवलं, तर नवे पॅड घालताना पिस्टन मागे दाबल्यावर तेच उतू जाऊन पेट्रोलच्या टाकीचा रंग खातं. माझ्या टाकीवर तसा एक डाग आहे, कसा पडला ते विचारू नका.

घाटात ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरू नका. खालचा गिअर धरा, ब्रेक ठरावीक वेळ जोरात लावून पूर्ण सोडा, म्हणजे मधल्या वेळात तो गार होतो. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकू शकते.

आणि नवे पॅड बसवलेत तर गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा. पहिल्या एक-दोन दाबांत काहीच लागत नाही.