ग्लासातला कोलियस

दरवर्षी एक रात्र अशी येते की झोपायच्या आधी मी मोबाईलवर हवामान बघते, किमान तापमान १० अंश लिहिलेलं दिसतं आणि मी अंथरुणातून उठून गॅलरीत जाते. नवरा विचारतो आता काय, मी म्हणते कोलियस. पुढे तो काही विचारत नाही, इतक्या वर्षांत एवढं शिकलाय.

पहिल्या वर्षी मला काहीच माहीत नव्हतं. मला वाटायचं थंडीनं झाडं मरतात म्हणजे बर्फ पडला पाहिजे, दव गोठलं पाहिजे, असं काहीतरी नाट्यमय. आमच्या रंगीत पानांच्या कोलियसनं तसं काही न होताच मान टाकली. संध्याकाळी मस्त मरून रंगाचा, कडेला पोपटी झालर, आणि सकाळी बघते तर पानं काळपट, लुळी, ओल्या फडक्यासारखी लोंबतायत. मी काय केलं असेल? पाणी घातलं. तहान लागली असेल बिचाऱ्याला. खरं तर पाणी त्याच्या आतच होतं, फक्त जिथे असायला हवं तिथे राहिलं नव्हतं. पानातल्या प्रत्येक पेशीभोवती जे पातळ आवरण असतं ते बरंचसं स्निग्ध पदार्थाचं असतं, आणि थंडीत खोबरेल तेल बाटलीत जसं थिजतं ना, साधारण तशी गत उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या त्या आवरणाची होते, ते ताठरतं, मग नीट काम करेनासं होतं आणि आतलं पाणी बाहेर झिरपतं. कोलियस मूळचा आग्नेय आशियाकडचा, त्याच्या अंगात थंडीची तयारीच नाही. रात्री १२-१३ अंशांच्या खाली गेल्या की त्याची वाढ थांबते, १० च्या खाली तो रुसतो आणि दव गोठलं की संपलाच. त्यामुळे आता मी काळं पान दिसायची वाट बघत नाही.

दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले होते, म्हणजे मला तसं वाटत होतं. अडीच फुटांची अख्खी कुंडी उचलून आत आणली, हॉलमधल्या खिडकीशी ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. आणि साधारण तीन आठवड्यांनी फरशीवर काहीतरी चिकट लागायला लागलं. घरात सगळ्यांवर संशय घेऊन झाला. मग मुंग्यांची एक रांग दिसली, ती कुंडीवर चढून वर जात होती, म्हणून टॉर्च मारून बघितलं तर पान जिथे खोडाला जोडतं त्या बेचक्यात कापसाचे बारके पुंजके. पिठ्या ढेकूण! मिलीबग म्हणा हवं तर, पण मला पिठ्याच आवडतो, पिठात लोळून आल्यासारखाच दिसतो तो. रस शोषतो, चिकटा गाळतो आणि त्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला गुरांसारखं सांभाळतात.

आणि हे बाहेरूनच आले होते, मीच उचलून आणले होते कुंडीबरोबर. बाहेर पाऊस-वारा असतो, ढालकिडे असतात, पिठ्याला कोणी ना कोणी खाणारं असतं. घरात ऊब आहे, वारा नाही, खाणारं कोणी नाही. आपण झाडासाठी जे जे करतो ते सगळं पिठ्यालाही मानवतं ही मोठीच गैरसोय आहे.

मग इअरबड आणि स्पिरिट घेऊन बसले. ७० टक्क्यांवालं. आधी एकाच पानाला लावून दोन दिवस बघायचं, कारण कोलियसचं पान नाजूक असतं, चट्टा पडू शकतो. बड टेकवला की त्याचं ते पांढरं मेणचट कवच विरघळतं आणि खालून एक गुलाबीसर, अंडाकृती, उघडा पडलेला जीव दिसतो. पहिल्यांदा मला चक्क वाईट वाटलं. चौथ्यानंतर नाही वाटलं. पण एकदा पुसून भागत नाही हे तेव्हा कळलं, त्या कापसाच्या पिशव्यांमध्ये एकेका मादीची काहीशे अंडी असतात, त्यामुळे दर पाच-सहा दिवसांनी तेच काम, तोच टॉर्च, आणि अडीच फुटांच्या झाडाला बेचके किती असतात ते मोजायला जाऊ नका.

नीम तेलही मारलं. एक लिटर कोमट पाण्यात पाच मिली आणि भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार थेंब, नाहीतर तेल वर तरंगत बसतं आणि आपण नुसतं पाणीच फवारतो. संध्याकाळी मारायचं, पानांच्या खालून मारायचं. घराला तीन दिवस वास येतो, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. पांढरी माशी आणि मावा यांना तेवढ्यानं आटोक्यात ठेवता येतं. खोली कोरडी, गरम असेल, हीटर चालू असेल तर लाल कोळीही येतो, पानावर बारीक फिकट ठिपके पडतात आणि आपल्याला वाटतं धूळ आहे. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारायची, पडलेले ठिपके चालायला लागले तर ती धूळ नाही.

पाण्याचं मात्र उलटं आहे, तिथे न करणंच काम. थंडीत ऊन कमी, वाढ कमी, म्हणून पाणीही कमी, वरची इंचभर माती कोरडी झाल्याशिवाय हात लावायचा नाही, खत तर नाहीच. पण कोलियस पाणी कमी पडलं तरी मान टाकतो आणि जास्त होऊन मुळं कुजली तरी मान टाकतो, दोन्हीची तक्रार एकाच भाषेत. मी त्या वर्षी दुसऱ्या तक्रारीला पहिलीचा उपाय केला. फेब्रुवारीपर्यंत उरली काय, तर काठी आणि चिलटं.

तेव्हापासून मी झाड वाचवत नाही, शेंडे वाचवते. थंडी सुरू व्हायच्या आधी, झाड अजून ऐटीत असताना, फूल न आलेले चार-चार इंचाचे शेंडे, पेराच्या जरा खाली कापायचे, खालची पानं काढून टाकायची आणि पाण्याच्या ग्लासात. कापलेली काडी दोन बोटांत फिरवून बघा, गोल नाही, चौकोनी लागते. तुळस-पुदिन्याचं कूळ आहे हे. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७६३ मध्ये याला चक्क तुळशीच्या गटात, ऑसिममध्ये घातलं होतं. पुढे शास्त्रज्ञांनी प्लेक्ट्रॅन्थस म्हटलं, सोलेनोस्टेमॉन म्हटलं, आणि २०१९ मध्ये पुन्हा कोलियसवर आले. आपण हललोच नव्हतो.

चार इंचाच्या शेंड्याची खरी मजा ही की तो नळाखाली धरून पुढून मागून पूर्ण बघता येतो. सहा पानं, सहा बेचके. पिठ्याला लपायला जागाच नाही. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदललं की आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात, इंच-दीड इंचाची झाली की लहान कुंडीत, फार दिवस पाण्यात ठेवलं तर ती मुळं मातीत रुळायला कुरकुर करतात. बियांपासून तोच रंग मिळेलच असं नाही, शेंड्यापासून मिळतो, कारण ते मूल नाहीच, तेच झाड आहे. हे मला पक्कं ठाऊक आहे. तरीही बाहेर राहिलेली मोठी कुंडी मी गॅलरीच्या त्या टोकाला सरकवते जिथून ती खिडकीतून दिसत नाही.

यंदा पाच ग्लास आहेत. प्रत्येकाला चिकटपट्टी लावून स्केचपेननं लिहिलं होतं, मरून झालरवाला, लिंबोणी, शेंदरी वगैरे, आणि पाणी बदलता बदलता सगळी शाई गेली. खिडकीतल्या उजेडात रंगही चढत नाहीत, पानांत हिरवाच वर येतो, तेव्हा सध्या पाचही जण एकसारखे हिरवट उभे आहेत. परवा त्यातला एक कुंडीत लावला. मी म्हणते तो मरून आहे, नवरा म्हणतो लिंबोणी. ऊन वाढलं की कळेल.