कप गरम, कॉफी गरम

फिनिश शिकायला लागले त्याला आता दोन हिवाळे झाले. (इथे वर्षं हिवाळ्यांनीच मोजावीत.) पहिल्या धड्यात नमस्कार होते, दुसऱ्यात आकडे आणि तिसऱ्यात एकदम जेवण. क्युल्मॅ माइतो, थंड दूध. कूमा काह्वी, गरम कॉफी. तुओरे लेइपॅ, ताजा पाव. चित्रांखाली दोन-दोन शब्द, बालवाडीतल्या तक्त्यासारखे. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, डिसेंबरातल्या संध्याकाळी, फिनलंडमधल्या, तीनलाच अंधारलेल्या एस्पो शहरातल्या एका वर्गात बसून मी 'थंड दूध, थंड दूध' घोकत होते.

शब्द तसे पटकन बसले, कारण कानाला ओळखीचे वाटत. मांस म्हणजे लिहा. कोंबडी म्हणजे काना. मासा म्हणजे काला. आता गोकुळाष्टमीला मी काय करायचं? बाई पहिल्यांदा 'लिहा' म्हणाल्या तेव्हा मी खरोखर वही उघडून पेनाचं टोपण काढलं होतं.

विशेषणांचंही सुरुवातीला बरं वाटलं. आपल्याकडे ताजा पाव, ताजी भाकरी, ताजं लोणी. फिनिशमध्ये लिंग ही भानगडच नाही. माणसांनासुद्धा तो आणि ती मिळून एकच 'हॅन', तिथे पावाचं काय घेऊन बसलात! सगळं तुओरे. मी मनातल्या मनात या लोकांचे आभार मानले. जरा घाईच झाली.

कारण विभक्ती पंधरा आहेत. आणि आपण 'ताज्या पावात' म्हणताना 'त' एकदाच, पावाला लावून मोकळे होतो. हे लोक तो विशेषणालाही लावतात. तुओरेऽस्सा लेइवॅस्सॅ, म्हणजे 'ताज्यात पावात'. शिवाय प्रत्यय लागला की शब्द आतून हलतो. लेइपॅमधला प जाऊन व येतो, माइतोमधला त जाऊन द. इथे वर्गातल्या स्पॅनिश मुलाने डोक्याला हात लावला. मला मात्र काही विशेष वाटलं नाही. दूध-दुधात, मीठ-मिठात, पाणी-पाण्यात हे जन्मभर केलेल्या बाईला माइतो-माइदोस्सा जड का जावं? शाळेत सामान्यरूपापायी खाल्लेली बोलणी इतक्या वर्षांनी, इतक्या लांब उपयोगी पडली.

घोळ आहे तो पार्टिटिव्हचा. 'आख्खी वस्तू नव्हे, तिच्यातलं थोडं' असं सांगणारी ही विभक्ती. मी कॉफी पिते, पण जगातली सगळी कॉफी थोडीच पिते? म्हणून काह्वी नाही म्हणायचं, काह्विआ म्हणायचं. (दरडोई कॉफी पिण्यात हे लोक जगात अगदी वरच्या रांगेत आहेत, तेव्हा 'थोडी' हा त्यांचा विनय समजावा.) 'साखर नाही' म्हणतानाही तेच. डब्यात साखरेचा कण नाही, पण त्या नसलेल्या साखरेला प्रत्यय आहे.

त्यातही कळस म्हणजे 'गरम आहे' हे वाक्य. कप गरम असेल तर तो कूमा. कॉफी गरम असेल तर ती कूमाऽ, शेवटचा आ लांब. कारण कप मोजता येतो, कॉफी मोजता येत नाही. हे मला बाईंनी तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा मी मान डोलावली. शेवटी एका सकाळी घाईत कप उचलताना बोटं पोळली आणि पाठोपाठ घोट घेताना जीभ. बोट भाजलं तर कूमा, जीभ भाजली तर कूमाऽ. तेव्हापासून चुकत नाही. म्हणजे, कॉफीत चुकत नाही. बाकी सगळीकडे चुकते, आणि माझी पाच वर्षांची लेक, जिने हे व्याकरण कधी शिकलेलंच नाही, बालवाडीतून घरी येऊन मला दुरुस्त करते. "आई, असं नाही म्हणत." का नाही म्हणत? "नाही म्हणत."

काही शब्द मात्र एकदम घरचे निघतात. क्युप्सॅ हा तसा. पिकलेलं केळंही क्युप्सॅ आणि शिजलेला बटाटाही क्युप्सॅ. वर्गात यावर बरीच चर्चा झाली, पिकणं कुठे आणि शिजणं कुठे. मी गप्प होते, कारण आपल्याही 'पक्व'मधून एकीकडे फळ पिकतं आणि दुसरीकडे पक्वान्न होतं.

तिसऱ्या धड्यातल्या त्या 'ताज्या पावा'बद्दल एक सांगायला हवं. इथला खरा पाव राय या धान्याचा, काळपट, आंबूस, चावायला दात मागणारा. 2017 साली देशाच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली तेव्हा लोकांनी मतं देऊन त्यालाच राष्ट्रीय पदार्थ ठरवलं. पूर्वी पश्चिम भागात तो वर्षातून मोजक्या वेळा भाजत, मधोमध भोक पाडून छताखालच्या काठीत ओवत आणि महिनोन्‌महिने खात. 'तुओरे' हा शब्द तेव्हा क्वचितच तोंडात येत असेल.

आता माझी फजिती. खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. (मनात आजी, तोंडाने नावानेच हाक मारते, कारण इथे ऐंशीच्या बाईलाही 'तू'च म्हणतात. माझी जीभ अजून अडखळते.) त्यांना एकदा जिन्यात आमच्या फोडणीचा वास आला आणि त्यांनी मसुराच्या आमटीची कृती मागितली. मी शब्दकोश न उघडता, मोठ्या अभिमानाने लिहून दिली. लसणाला फिनिशमध्ये 'पांढरा कांदा' म्हणतात हे मला माहीत होतं. मी लिहिलं, सहा पांढरे कांदे: कूसी वाल्कोइस्ता सिपुलिआ. विशेषणाला प्रत्यय, नामाला प्रत्यय, सगळं बिनचूक. बाईंनी दहापैकी दहा दिले असते.

दोन दिवसांनी आजी दारात. आमटी केली, म्हणाल्या. चांगली झाली, पण गोड लागते. आणि पातेलं मोठं घ्यावं लागलं.

बिचाऱ्यांनी वाटीभर मसुरात सहा पांढरे कांदे चिरून घातले होते. लसूण म्हणजे वाल्कोसिपुली, एक सलग शब्द. तोडून, विशेषण वेगळं काढून म्हटलं की तो खरोखरचा पांढरा कांदा होतो. गोडेतेल आणि गोड तेल यांतला फरक ज्याला कळतो त्याने ही चूक करू नये, पण केली. आणि पाकळ्यांचं तर मी लिहिलंच नव्हतं. आपण लसणाची पाकळी म्हणतो, हे लोक लसणाचं नख म्हणतात. सहा नखं लिहायला हवी होती. तो शब्द माहीत असता तरी माझा हात धजला असता का, कोण जाणे.

मी त्या रविवारी स्वतः आमटी केली, सहा नखं ठेचून खमंग फोडणी दिली, डबा भरला आणि वर चिठ्ठी चिकटवली: सांभाळून, तिखट आहे. तिखटाला यांच्याकडे तुलिनेन म्हणतात, 'तुली' म्हणजे आग, त्यातून आलेला शब्द. लिहिताना क्षणभर थांबले होते. मग जाऊ दे म्हटलं.

संध्याकाळी डबा दाराबाहेर, घासून-पुसून ठेवलेला. चिठ्ठी घडी करून आत. 'तुलिनेन'वर पेन्सिलीने बारीक रेघ मारून वर 'तुलिस्ता' लिहिलं होतं, आणि खाली कोपऱ्यात एकच शब्द, ह्युवॅऽ. छान.

लेकीने चिठ्ठी हातातून ओढून घेतली, अक्षरं लावत वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"आमटी मोजता येते का, आई?"