आमची वाटचाल: केर टाकायचा नाही, चाळायचा

आमचं दुकान मुळात फर्निचर दुरुस्तीचं. डुगडुगत्या खुर्च्या, निखळलेली कपाटाची दारं, पॉलिश, असली कामं. धाकटा भाऊ सुतारकाम बघायचा. मी हिशेब आणि गिऱ्हाइकं. पहिलं बाहुलीघर आलं तेही एका कपाटाच्या पाठोपाठ, ‘जमलं तर हेही बघा’ म्हणून. चारच खोल्यांचं होतं. भावाने ते आतून झाडलं, पॉलिश पेपर मारला आणि वर ऑइलपेंटचे दोन हात दिले. चकचकीत झालं. जिन्याचा कठडा बसवायला घेतला तेव्हा कळलं, की कठड्याचे काडीएवढे गज घरातच गळून पडले होते आणि आम्ही ते केराबरोबर फेकले होते. नवे करण्यात चार दिवस गेले आणि तरी ते जुन्यांच्या शेजारी शोभले नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे बाहुलीघराचा केर टाकत नाहीत, चाळतात. पिठाची चाळणी, खाली पांढरा कागद, आणि प्रत्येक खोलीच्या नावाचा वेगळा डबा.

त्यानंतर आलेल्या मोठ्या घराने आम्हाला हा धंदा शिकवला. साडेचार फूट रुंद, नऊ खोल्या, दर्शनी बाजू दोन पल्ल्यांची. एक पल्ला बिजागरीतून उखडलेला, दुसऱ्याला पीळ पडलेला. छपरातून पाणी मुरून तळाच्या प्लायचे पदर सुटलेले. कधीतरी कुणी बारा व्होल्टचे दिवे बसवायला भिंतींना भोकं पाडली होती, आणि त्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. भाऊ म्हणाला, “ताई, हे घेऊ नकोस.” मी घेतलं. तीन महिने सांगितले होते, अकरा लागले. त्या वर्षी दुकान खुर्च्यांनीच तारलं.

पहिले दोन आठवडे आम्ही हत्याराला हातच लावला नाही. फोटो काढले, मापं घेतली, चाळलं. चाळणीत जिन्याचे सतरा गज सापडले, शिवाय पितळेच्या दोन मुठी आणि शेकोटीच्या नक्षीचा तुकडा. एका मागच्या खोलीत लाकडाची ताजी भुकटी पडलेली दिसली, म्हणजे कीड जिवंत होती. सुटे होणारे भाग प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवले. अख्खं घर कुठल्या फ्रीजरमध्ये मावणार? बाकीच्या भागांतल्या किडीच्या भोकांत सुईने औषध सोडलं.

रंगाबद्दल मात्र आम्ही उशिरा शहाणे झालो. जुन्या रंगात विषारी शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगांवर आणि खेळण्यांवर त्याबाबत बंधन आलं तेच मुळी १९७८मध्ये. म्हणून त्याआधीचा रंग असला की आम्ही शिसं धरूनच चालतो. सुकं घासायचं नाही. ओल्या कापडाने पुसायचं, मास्क लावायचा, कापड वेगळं टाकायचं. पहिल्या घराला भावाने सुका पॉलिश पेपर मारला होता, तोंडाला साधा रुमालही न बांधता. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो भिंतीवरच्या कागदाने. दिवाणखान्यात कागदाचे चार थर होते. वरच्या थरांवर मिथाइल सेल्युलोज या पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाची खळ लावायची, अर्धा तास थांबायचं आणि पातळ पात्याने एकेक थर उचलायचा. घाई केली की खालचा फाटतो. सगळ्यात खालचा कागद डागाळलेला, कोपऱ्यात फाटलेला. भावाला तो काढून नवा लावायचा होता. आमची चांगलीच जुंपली. शेवटी तो कागद तसाच ठेवला, नवा कागद पातळ पुठ्ठ्यावर चिकटवला आणि तो पुठ्ठा नुसता समोर बसवला. हवा तेव्हा निघतो. कागदाचं काम तेव्हापासून माझ्याकडे आलं, हिशेब रात्री.

सांध्यांनाही आम्ही हीच शिस्त लावली. मूळ सांधे सरसाचे, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या जुन्या पद्धतीच्या गोंदाचे होते. थोडी ऊब आणि ओल दिली की ते मुकाट्याने सुटतात. नंतरच्या कुणीतरी लावलेल्या पांढऱ्या गमचे सांधे सोडवताना मात्र लाकडाच्या कपच्या निघाल्या. आम्ही सरसच वापरतो. पुढच्या दुरुस्तीवाल्याने आम्हाला शिव्या घालू नयेत.

तयार वस्तू विकत घेऊन काम उरकेल, असं मला आधी वाटलं होतं. आज मिळणारं बहुतेक सामान एकास बाराच्या मापाचं असतं, म्हणजे खऱ्या एका फुटाला एक इंच. इंग्लंडमध्ये विंडसरच्या किल्ल्यात असलेलं राणी मेरीचं प्रसिद्ध बाहुलीघरही, वास्तुविशारद एडविन ल्युटेन्स यांनी रचलेलं आणि १९२४मध्ये पुरं झालेलं, याच मापाचं आहे. आमच्या घराला मात्र कसलंच एक माप नव्हतं. स्वयंपाकघराचं दार दिवाणखान्याच्या दारापेक्षा उंच! त्यामुळे प्रत्येक चौकट, प्रत्येक पट्टी भावाने हाताने तासली. पीळ पडलेला पल्ला आम्ही आतल्या वाकाला किंचित ओल देऊन, शिकंजे रोज थोडे थोडे आवळत सरळ करत होतो. पूर्ण सरळ झाला नाहीच. वरच्या कोपऱ्यात दोन मिलिमीटरची फट आहे. गिऱ्हाइकाला ती आधीच दाखवली.

आता आम्ही तपासणीचे पैसे वेगळे घेतो आणि ती झाल्याशिवाय मुदत सांगत नाही. मुलांना खेळायला हवं की नुसतं शोभेसाठी जपायला, हेही आधीच विचारतो, कारण शिशाच्या रंगाचं घर आम्ही लहान मुलांसाठी देत नाही. काही गिऱ्हाइकं यावर रुसतात. त्यांना मी ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयातल्या पेट्रोनेला ऊर्टमन यांच्या बाहुलीघराबद्दल सांगते: सतराव्या शतकाच्या अखेरीस या श्रीमंत बाईने ते हौसेने सजवलं, मुलांच्या खेळासाठी नव्हे. कधी पटतं, कधी नाही.

सध्या टेबलावर सहा खोल्यांचं एक घर आहे. छप्पर बरं आहे, जिना गायब आहे. भाऊ जिन्याच्या मापाला लागलाय, पण मागच्या दोन खोल्या अजून चाळायच्या आहेत.