अडलेल्या बकरीची भूल: सिरिंज भरण्याआधी हिशेब

अडलेली बकरी गोठ्यातच सिझरला घ्यायची वेळ आली, की हात झायलेझीनच्या, म्हणजे गुंगी आणणाऱ्या औषधाच्या, बाटलीकडे जातो. जनावर निपचित पडतं, मालकालाही धीर येतो. पण दिवस भरलेल्या बकरीला ते नकोच. गर्भाशय आवळतं, पिल्लाचा रक्तपुरवठा घटतो, बकरीच्या फुप्फुसात पाणी भरण्याची भीती असते. मात्राही बघा: 30 किलोच्या बकरीला किलोमागे 0.05 मिग्रॅ म्हणजे दीड मिग्रॅ. मिलीत 20 मिग्रॅ असलेल्या बाटलीतून ते फक्त 0.075 मिली! अंदाजाने अर्धा मिली गेलं, तर सहापटीहून जास्त झालं.

माझा भरवसा लिग्नोकेनवर, म्हणजे टोचलेली जागाच बधिर करणाऱ्या औषधावर, पण मोजून. किलोमागे 5 मिग्रॅच्या वर जाऊ नका, आणि वजन धरताना पोटातली पिल्लं-पाणी वजा करा. 30 किलोला 150 मिग्रॅ, म्हणजे 2 टक्क्यांचं (मिलीत 20 मिग्रॅ) साडेसात मिली. एवढ्याने पूर्ण कूस बधिर होत नाही, म्हणून तेवढंच सलाईन मिसळून 15 मिली करा. डाव्या कुशीत, शेवटच्या बरगडीमागे उभी रेघ आणि कमरेच्या हाडांखाली आडवी रेघ, उलट्या एल आकारात टोचा. कातडीखाली, मग स्नायूत, पार पोटाच्या आतल्या पडद्यापर्यंत. दर वेळी दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का पाहा. दहा मिनिटं थांबा, सुई टोचून बघा. बकरी हलली म्हणून आणखी 10 मिली भरणं, इथेच घात होतो: आधी कातडी फडफडते, बुबुळं थरथरतात, मग झटके. झटके थांबवणारं डायझेपाम हाताशी ठेवा.

उताणी तर टाकूच नका. भरलेलं गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर बसतं आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. उजव्या कुशीवर निजवा. मानेखाली कुटाराचं पोतं असं ठेवा, की गळा उंच आणि तोंड उतरतं राहील; रवंथ बाहेर वाहून जाते, श्वासनळीत जात नाही. मे महिन्यात पत्र्याखाली नाही, पहाटे कडुनिंबाखाली घ्या. धापा टाकणाऱ्या बकरीकडे पिल्लासाठी प्राणवायू उरत नाही.

जुळं पोटात असलेली, ढेप-कुटार सोडलेली बकरी आधीच अंगातली चरबी जाळत असते. तिला भुलेसाठी मुद्दाम उपाशी ठेवू नका.

पिल्लू निघालं की नाक पुसा, कोरड्या फडक्याने घासा, नाकपुडीत गवताची काडी फिरवा. गरगर फिरवू नका. नुसत्या लिग्नोकेनवर आई जागीच असते, चाटायला लागते. पिल्लू सुस्त असेल तर चीक काढून पहिल्या दोन तासांत पाजा, 2 किलोच्या पिल्लाला 100 मिली.